वाचकांचे प्रश्न: टॅली उघडत नाही, स्क्रीनवर चिठ्ठी आली आहे

मागच्या अंकात म्हटलं होतं की दुकानातल्या, कारखान्यातल्या कम्प्युटर-मोबाईलच्या भानगडी लिहून पाठवा, तर एवढं आलं की वाचता वाचता दोन रविवार गेले. अर्ध्या लोकांनी लिहिलंच नाही, व्हॉईस नोट पाठवली, तीही गाडीवर बसून, मागून हॉर्न. नावं छापत नाही, कारण आपला नागपूरचा बाजार केवढा, इतवारीत सकाळी कोणी शिंकलं तर दुपारपर्यंत मस्कासाथला बातमी. आणि एक आधीच सांगतो, मी पोलीस नाही, वकील नाही, वीसेक वर्षं दुकानादुकानातले कम्प्युटर उघडत फिरलेला माणूस आहे, त्या हिशोबानेच वाचा.

प्रश्न: गांधीबागेत कापडाचं होलसेल आहे. सोमवारी येऊन पाहतो तर हिशोबाचं टॅली सॉफ्टवेअर उघडेना, सगळ्या फाईलींच्या नावामागे काहीतरी अगडबगड शेपूट लागलेलं आणि डेस्कटॉपवर इंग्रजीत चिठ्ठी, की बिटकॉइनमध्ये पैसे द्या नाहीतर डेटा विसरा. बॅकअप पेन ड्राइव्हवर होता पण तो कम्प्युटरलाच लावलेला होता, तोही गेला. कम्प्युटरवाला म्हणतो फॉरमॅट मारून देतो. पैसे देऊन टाकू का?

भाऊ, पहिले त्या कम्प्युटरवाल्याचा हात धरा. फॉरमॅट नाही मारायचं. नेटची वायर काढा, वायफाय बंद करा, दुकानातले बाकीचे कम्प्युटर त्याच लॅनवर असतील तर त्यांचीही वायर काढा, चिठ्ठीचा मोबाईलने फोटो घ्या आणि ती हार्ड डिस्क जशी आहे तशी काढून, वर तारीख लिहून कपाटात ठेवा. काम सुरू करायला नवीन एसएसडी डिस्क टाका. जुनी डिस्क का ठेवायची, तर अशा टोळ्या कधी पकडल्या जातात, कधी फाईलींचं कुलूप उघडायच्या त्यांच्या चाव्या बाहेर येतात, आणि तेव्हा तीच डिस्क उघडू शकते. नो मोअर रॅन्सम नावाची एक साईट आहे, २०१६ मध्ये युरोपोल, डच पोलीस आणि दोन अँटिव्हायरस कंपन्यांनी मिळून काढलेली, तिथे एक बिघडलेली फाईल आणि ती चिठ्ठी टाकली की हा कोणत्या जातीचा व्हायरस आहे आणि त्याची चावी आहे का ते फुकटात कळतं. नव्या जातीची चावी बहुतेक वेळा नसते, खोटी आशा लावत नाही, पण बघायला काय जातं.

पैसे द्यायचे का, तर माझं मत नको. ज्याने कुलूप लावलं तो पैसे घेऊन चावी देईलच याची गॅरंटी कोण देणार, आणि एकदा दिले की हा गिऱ्हाईक देतो अशी तुमची नोंद होते. तक्रार मात्र द्या, सायबर पोलिसांना आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षेच्या संस्थेला. सर्ट-इनचा एप्रिल २०२२ चा आदेश आहे की अशी घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायचं, पण दुकानदाराला हे सांगतो कोण. उद्या रिटर्नला उशीर झाला, कोणी वह्या मागितल्या, तर निदान हातात एक कागद असतो.

आता हे आत आलं कसं? तुम्ही लिहिलं नाही पण मी पैज लावतो, घरी बसून टॅली दिसावी म्हणून कोणीतरी रिमोट डेस्कटॉप चालू करून दिलं असेल, राउटरमध्ये ३३८९ नंबरचा पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडून, आणि पासवर्ड दुकानाच्या नावापुढे एक-दोन-तीन. असे उघडे पोर्ट शोधत रात्रंदिवस प्रोग्रॅम फिरत असतात, त्यांना गांधीबाग माहीत नसते, त्यांना फक्त उघडं दार दिसतं, आणि बरेचदा आत शिरतात शनिवारी रात्री, कारण रविवारी दुकान बंद. ते पोर्ट आजच्या आज बंद करवून घ्या. दुसरा रस्ता म्हणजे क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर. ते टाकताना पहिली सूचना काय असते? अँटिव्हायरस बंद करा. म्हणजे चोराला आत घ्यायचं म्हणून आपणच कुत्रा बांधून ठेवायचा. तिसरं, जुनी विंडोज. सातचे अपडेट जानेवारी २०२० मध्ये थांबले, दहाचे १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, तरी बाजारात अर्धे कम्प्युटर त्यावरच चालून राहिले. २०१७ चा वॉनाक्राय आठवतो ना, असाच फाईलींना कुलूप लावणारा व्हायरस, दीडशे देशांत पसरला होता, त्याचं औषध मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं आणि हल्ला झाला १२ मे ला. दोन महिने औषध समोर होतं, लोकांनी घेतलंच नाही, कारण "अपडेट मारलं की कम्प्युटर स्लो होतो".

हिशोब परत कसा उभा करायचा हा खरा प्रश्न, आणि तो वाटतो तेवढा वाईट नाही. विक्री: जीएसटी पोर्टलवरून जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं रिटर्न काढा, बी-टू-बी (व्यापाऱ्यांना दिलेली) बिलं नंबर-तारखेसकट मिळतील, माल वाहतुकीची ई-वे बिलं वेगळी मिळतील. खरेदी: जीएसटीआर-२बी, त्यात माल देणाऱ्यांनी तुमच्या नावावर दाखवलेली सगळी बिलं आहेत. बँक स्टेटमेंट बँक देईल. आणि सीएच्या कम्प्युटरवर मार्चचा डेटा पडलेला असतो, पहिले त्यांनाच फोन करा, ओपनिंग बॅलन्स तिथूनच मिळेल. जे कुठेच मिळत नाही ते म्हणजे उधारी. गोंदियाच्या पार्टीकडे किती बाकी, चंद्रपूरवाल्याने कॅश किती दिली, हे जीएसटीला माहीत नाही, बँकेला माहीत नाही. मग ज्यांच्याशी चांगले संबंध आहेत त्यांच्याकडून तुमच्या खात्याचा उतारा मागवा, "मॅचिंग करायचं आहे" म्हणा, दरवर्षी आपण मागवतोच. डेटा गेला ही गोष्ट गावभर सांगत फिरू नका, नाहीतर काही लोकांची बाकी आपोआप शून्य होते, तुम्हाला बाजार माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

यापुढे बॅकअप दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर घ्या, एक दुकानात, एक घरी, दर शनिवारी अदलाबदल, आणि कॉपी झाली की वायर काढायचीच. तिसरी कॉपी गुगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी. ड्राइव्हवर आपोआप सिंक असेल तर बिघडलेली फाईलही वर चढते हे खरं, पण जुनी आवृत्ती साधारण ३० दिवस मिळते, त्यामुळे लवकर लक्षात आलं तर वाचतं. महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या कम्प्युटरवर उघडून बघा, मी असे बॅकअप पाहिले आहेत जे तीन वर्षं रोज घेतले गेले आणि आत रिकामं फोल्डर. टॅलीचा डेटा कुलूपबंद करणाऱ्या टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड टाकत असाल तर कागदावर लिहून लॉकरमध्ये ठेवा, तो विसरला तर मग चोराचीही गरज नाही.

प्रश्न: हिंगणा एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. नेहमीच्या स्टील सप्लायरचा मेल आला, बँक बदलली आहे, नवीन खात्यात पाठवा. मेल त्याच साखळीत होता, खाली आमचे जुने मेल, बिलही खरं. आम्ही २ लाख ८० हजार आरटीजीएस केले. आठवड्याने सप्लायर विचारतो पेमेंट कुठे. आता तो म्हणतो तुमचा मेल हॅक झाला, आम्ही म्हणतो तुमचा.

हे भांडण नंतर करा, दादा. कोणाचा मेल फुटला ते कळायला वेळ लागेल, पैसे मात्र एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात पळत असतात. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन, तुमच्या बँकेला लेखी, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार, हे तिन्ही हे वाचून व्हायच्या आत. १९३० चं काम असं की तक्रार नोंदली की पैसे ज्या बँकेत गेले तिला लगेच कळवतात आणि खात्यात जे उरलं असेल ते तिथेच गोठवतात. पहिल्या दोन-तीन तासांत फोन केला तर मोठी रक्कम सापडायची शक्यता असते, आठवड्याने कमी, पण शून्य नाही.

मग दोघांनीही आपापला मेलबॉक्स उघडून सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर बघा. हे चोर घाईत नसतात, कधीतरी पासवर्ड मिळवतात आणि महिना महिना गप्प बसून वाचतात, "बिल", "पेमेंट" शब्द असलेला प्रत्येक मेल त्यांच्याकडेही जाईल असा नियम लावून ठेवतात. ज्याच्या मेलबॉक्समध्ये असा नियम सापडेल तिथून फुटलं. आणि मेल ॲड्रेस अक्षर अक्षर वाचा, बरेचदा एम च्या जागी आर आणि एन शेजारी शेजारी असतात, चष्मा असला तरी दिसत नाही.

तुमच्या अकाउंटंटला एकच नियम द्या: कोणाचंही खातं बदललं तर आपल्या डायरीतल्या जुन्या नंबरवर फोन करून, आवाज ओळखून, मगच नवीन खातं जोडायचं. मेलखाली दिलेल्या नंबरवर नाही, तो चोरच उचलतो आणि फार गोड बोलतो. शिवाय आता आरटीजीएस, एनईएफटी करण्याआधी खातेदाराचं नाव दाखवायची सोय आहे, रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२५ पर्यंत ती सुरू करायला बँकांना सांगितलं होतं. नाव स्टील ट्रेडर्सऐवजी कोण्या भलत्याच माणसाचं दिसलं तर थांबा. आधी बँक नाव जुळवतच नव्हती, खातं नंबर बरोबर म्हणजे पैसे गेले, लोकांना हे माहीतच नसायचं.

प्रश्न: दुकानासाठी कोणता अँटिव्हायरस चांगला?

विंडोजमध्ये येतो तो फुकटचा डिफेंडर चालू ठेवा आणि अपडेट होऊ द्या, लहान दुकानाला तेवढं पुरतं. उरलेल्या पैशांत हार्ड डिस्क घ्या. वरचा पहिला प्रश्न वाचा.

प्रश्न: बर्डीवर मोबाईल ॲक्सेसरीजचं दुकान आहे. अचानक आमच्या करंट अकाउंटला होल्ड लागला, बँक म्हणते दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांकडून आलं आहे, कोण्या गिऱ्हाईकाने फ्रॉडच्या पैशातून ३,२०० रुपये पाठवले म्हणून. आमचे ८५ हजार अडकले, स्टाफचा पगार द्यायचा आहे. आम्ही काय केलं?

काहीच केलं नाही, हेच तर दुखणं. एखाद्याला कुठेतरी लुबाडलं, त्याचे पैसे पाच-सहा खात्यांतून फिरत फिरत कोण्या पोराकडे आले, त्याने तुमच्याकडून इअरबड घेतले, आणि तक्रार आली तेव्हा साखळीतल्या सगळ्या खात्यांना होल्ड लागला. पोलिसांना हा अधिकार आहे, आधी सीआरपीसी या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचं कलम १०२ होतं, १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं १०६. वरच्या प्रश्नातल्या हिंगण्याच्या भाऊंचे पैसे याच सोयीने वाचू शकतात, तीच सोय तुमच्या मुळावर आली, असं आहे ते.

बँकेच्या काउंटरवर भांडू नका, त्या पोरीच्या हातात काही नाही. मॅनेजरला लेखी अर्ज द्या आणि चार गोष्टी मागा: तक्रारीचा ॲकनॉलेजमेंट नंबर, पोलीस स्टेशन, तिथला ईमेल, आणि वादातली रक्कम किती. मग त्या स्टेशनला मेल आणि स्पीड पोस्ट, सोबत त्या विक्रीचं बिल, जीएसटी नंबर, दुकानाचा परवाना, त्या दिवसाचं सीसीटीव्ही असेल तर ते (फुटेज आपोआप पुसलं जातं, आजच कॉपी करा). त्यातच स्पष्ट लिहा की वाद ३,२०० चा आहे, तेवढ्यावरच होल्ड ठेवा, बाकी मोकळं करा. काही हायकोर्टांनीही वादातल्या रकमेपुरतंच अडवा असं म्हटलेलं आहे. ऐकलं नाही तर वकिलामार्फत कोर्टात अर्ज, ८५ हजारांसाठी ते परवडतं की नाही हा हिशोब तुम्ही करा. आणि या काळात "होल्ड काढून देतो, अमुक इतके पाठवा" असा फोन हमखास येतो, तो कट करायचा.

दुकानात दोन खाती ठेवा. स्कॅनर (क्यूआर कोड) ज्याला जोडला आहे ते वेगळं, पगार-भाडं-माल ज्यातून जातो ते वेगळं, रोज रात्री पहिल्यातून दुसऱ्यात वळवायचं. याने शंभर टक्के सुटका होते असं नाही, पैसा पुढे गेला की माग तिथेही जाऊ शकतो, पण सगळं एकाच खुंटीला टांगलेलं नसतं. आणि एक सवय तर आजच मोडा, "भाऊ तुम्हाला ऑनलाईन दोन हजार टाकतो, मला कॅश द्या." मेडिकल चौकात, बसस्टँडजवळ हे सर्रास चालतं. माणुसकी म्हणून देतो आपण, पण चोराला पैसे कॅश करायला यापेक्षा सोपा रस्ता नाही, आणि तिथे दाखवायला बिलही नसतं तुमच्याकडे.

प्रश्न: धरमपेठेत बुटिक चालवते. ओळखीच्या नंबरवरून लग्नपत्रिका आली, उघडली तर काहीच दिसलं नाही. संध्याकाळपर्यंत माझ्या नंबरवरून तीच पत्रिका सगळ्या कस्टमरना गेली आणि खात्यातून ४० हजार गेले. ओटीपी तर मी कोणालाच दिला नाही!

ताई, तुम्ही दिला नाही, फोनने दिला. ती पत्रिका नव्हती, ते ॲप होतं. नावाच्या शेवटी एपीके असेल बघा, म्हणजे अँड्रॉइड ॲपची फाईल. पत्रिका फोटो असते, पीडीएफ असते, फार तर व्हिडिओ, ती कधीच "इन्स्टॉल करू का" विचारत नाही. हेच सोंग आरटीओ चलनाचं येतं, बँक केवायसीचं येतं. इन्स्टॉल करताना एसएमएस वाचायची परवानगी मागतं, आपण कामाच्या गडबडीत ओके ओके करत जातो, मग येणारा प्रत्येक ओटीपी तिकडे.

फोन लगेच एअरप्लेन मोडवर टाका, दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला आणि १९३० ला कळवा, यूपीआय आणि नेट बँकिंग बंद करवा. बँकेला वेळ लिहून घ्यायला लावा आणि तक्रार नंबर मागा, कारण रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे तुम्ही कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या माथी. आधी गेलेल्या पैशांत चूक कोणाची यावर वाद होतो, आणि तुमची चूक नसेल तर तीन कामाच्या दिवसांत कळवलेलं असणं महत्त्वाचं, म्हणून तासही घालवू नका. एपीकेचा आणि मेसेजचा स्क्रीनशॉट घेऊन, डिझाईनचे फोटो तेवढे काढून घेऊन फोन फॅक्टरी रिसेट करा, नुसतं ॲप डिलीट करून भागत नाही, बरेचदा ते दिसतच नाही. मग हॅश हॅश ००२ हॅश डायल करा, कॉल फॉरवर्ड लावून ठेवलं असेल तर निघून जाईल. व्हॉट्सॲपवर आपल्या नंबरने परत लॉगिन केलं की चोर बाहेर फेकला जातो, लिंक्ड डिव्हाइस सगळे काढा, आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावा. चोराने आधीच स्वतःचा पिन लावला असेल तर सात दिवस थांबावं लागतं, तोवर कस्टमरना घरच्यांच्या नंबरवरून कळवा, लाजू नका, त्यांनीही ती पत्रिका उघडली असेल.

आणि जमलं तर बँकेचं सिम एका साध्या बटणाच्या फोनमध्ये टाका. हजार-दीड हजारात येतो, त्यात पत्रिका उघडतच नाही.

प्रश्न: कळमन्याला अडत आहे. अकाउंटंट पोरगा भांडून सोडून गेला. जीएसटी पोर्टलवर मोबाईल त्याचा, ईमेल त्याचा, टॅलीचा पासवर्डही त्यालाच माहीत.

काका, हा सायबर हल्ला नाही पण याच्याइतका त्रास कोणता हॅकर देत नाही. पहिले त्याला चहाला बोलवा, उरलेला पगार देऊन टाका, पासवर्ड मिळतील. रागात आपण पगार अडवतो आणि तो ओटीपी अडवतो. नाहीच आला तर तुमच्या भागाच्या जीएसटी अधिकाऱ्याकडे ओळखपत्र आणि फर्मचे कागद घेऊन जा, ते मोबाईल-ईमेल बदलून देऊ शकतात, मग पासवर्ड नवीन करा. उशीर करू नका, १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिलाच्या लॉगिनलाही सगळ्यांना ओटीपी लागतो, गाडी भरून उभी राहील आणि ओटीपी त्या पोराच्या खिशात. यापुढे मोबाईल मालकाचा, ईमेल फर्मचा, आणि नोकराला टॅलीत त्याचं स्वतःचं वेगळं लॉगिन. तुमचा डिजिटल सिग्नेचरचा टोकन, तो पेन ड्राइव्हसारखा, कुठे आहे? सीएच्या ड्रॉवरमध्ये ना, पिनची चिठ्ठी चिकटवून? ती तुमची सही आहे, कोऱ्या चेकवर केलेली. घेऊन या.

प्रश्न: तर्री पोह्याचा ठेला आहे. सकाळच्या गर्दीत पोरं पेमेंट झाल्याचा स्क्रीन दाखवून निघून जातात, संध्याकाळी हिशोब लागत नाही.

स्क्रीन पाहणं बंद. हुबेहूब तसा स्क्रीन दाखवणारी खोटी ॲप आहेत, टिकमार्कही येते, आवाजही येतो. तुमचा स्वतःचा साउंड बॉक्स बोलला तरच पैसे आले, आणि त्याचा आवाज ओळखीचा ठेवा, तो कढईमागे नाही, समोर ठेवा. कोणी म्हणालं चुकून जास्त गेले, परत पाठवा, तर आधी आपलं खातं बघायचं. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, पिन टाकला म्हणजे आपले गेले. सकाळी गाडी लावली की पहिले आपल्याच घरच्यांच्या मोबाईलने स्कॅनर स्कॅन करून नाव आपलंच येतं का ते पाहायचं, रात्री कोणी स्टिकरवर स्टिकर लावून जातं. त्यानंतर एक रुपया टाकून बघा, बॉक्स बोलला की तर्री चढवा.